श्वास संपायच्या आधी

काल माझ्याकडून चुकीचा शब्द गेला आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. व्यापारी संघाची बैठक होती. सभागृह लहान, पंखे मोठ्या आवाजाचे. मी नेहमीप्रमाणे व्यासपीठाच्या कडेला पडद्यामागे स्टुलावर बसलो होतो. पुढे माझा मेहुणा बोलत होता. हिचा धाकटा भाऊ. जुने लोक त्याला हिरो म्हणतात आणि नवे लोक साहेब. नव्या शहराबद्दलचा एक परिच्छेद संपला, त्याचा श्वास संपत आला, आता पुढच्या परिच्छेदाचे पहिले दोन शब्द मला पुरवायचे होते. ते होते ‘नदीकाठची जागा’. माझ्या तोंडून गेलं, ‘या दारातून’. का गेलं ते मला अजून सांगता येत नाही. वय म्हणावं तर बाकीचं सगळं पाठ आहे. मला वाटलं आता तो अडखळेल, वळून पाहील, मी चटकन दुरुस्त करीन. पण त्याने मान किंचित वर केली, डावा हात पुढे केला आणि तो सुरू झाला: “या दारातून बाई आत येते ती एकटी, आणि बाहेर पडते तेव्हा दोन जीव असतात. हे दार जो बंद करायला येईल त्याचा हात मी धरीन.” हा त्याच्या पहिल्या निवडणुकीतला परिच्छेद. नदीकाठचं प्रसूतिगृह बंद होऊ देणार नाही असं सांगणारा. काल तो बोलत होता ते भाषण त्याच प्रसूतिगृहाची जागा मोकळी करून तिथे बाजारसंकुल उभारण्याचं होतं.  व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घाईघाईने ‘नदीकाठची जागा’ पुरवली आणि तो त्याच चढत्या आवाजात, त्याच हाताने, जागा मोकळी करायला लागला. पुन्हा टाळ्या झाल्या. परत येताना गाडीत त्याने कॉलर सैल केली आणि म्हणाला, “दाजी, ते दाराचं चांगलं होतं हो. कोणी लिहिलं?”

मी लिहिलं होतं. पण तसं सांगितलं नाही. खिडकीबाहेर बघत ‘असेल कुणीतरी’ असं काहीसं पुटपुटलो. मला लहानपणापासून चारचौघांत बोलता येत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली ती त्यामुळेच. तिथे गप्प बसण्याचा पगार मिळतो असं ही म्हणायची. पण माझी कुजबुज मात्र चांगली आहे. हे मी स्वतःहून कधी म्हटलं नसतं, नाटकमंडळींनी म्हटलं. नदीपलीकडच्या जुन्या नाट्यगृहात आमची हौशी मंडळी नाटकं करायची आणि मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत उभा राहून मी टाकलेला शब्द नटाच्या कानापर्यंत जायचा आणि पहिल्या रांगेच्या अलीकडे विरून जायचा. हे सोपं नसतं. आवाज दाबला की शब्द घशात मरतो, आणि सोडला की प्रेक्षक हसतात. शिवाय शब्द कधी पुरवायचा हेही कळावं लागतं. नवखा प्रॉम्प्टर नट अडला की शब्द देतो, पण तोवर उशीर झालेला असतो. शब्द श्वास संपायच्या आधी जायला हवा, म्हणजे नटाला तो आपलाच वाटतो. मी लोकांचे श्वास ऐकत म्हातारा झालो. आणि एक सांगायला हरकत नाही, माझ्या वेळेला रंगमंचावर कुणीही तोंडघशी पडलं नाही. माझं नाव कुठल्या जाहिरातीत आलं नाही, पण खेळ संपल्यावर काम करणारे एकेक जण विंगेतून जाताना माझ्या खांद्यावर थोपटून जायचे, आणि घरी येईपर्यंत तो खांदा मला दुसऱ्या खांद्यापेक्षा उंच वाटायचा.

हिरो तेव्हा राजाची कामं करायचा. उंच, देखणा, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं हा माझ्याशीच बोलतोय. पाठ सगळं असायचं, पण पहिला शब्द कानात पडल्याशिवाय तोंडातून काही निघायचं नाही. बाकीच्यांना मी अधूनमधून लागायचो, त्याला मी प्रत्येक वाक्याला लागायचो. त्याच्यासाठी आम्ही एक खूणही ठरवली होती. तो मुद्दाम थांबला असेल, विसरला नसेल, तर डाव्या कानाच्या पाळीला हात लावायचा. म्हणजे मी गप्प राहायचं. ती खूण त्याने फारच क्वचित केली. सगळ्या नाटकांमधलं एकच वाक्य असं होतं की त्याला माझी कधी गरज पडली नाही. आमच्याच एका शिक्षकाने लिहिलेलं नाटक होतं ते. त्यातला राजा सिंहासन वाचावं म्हणून शत्रूला वेस उघडून देतो. पहारेकरी हात जोडतो, म्हणतो, महाराज, आत लोक झोपलेत. राजा थांबतो. हिरो तिथे कानाला हात लावायचा. इतका वेळ थांबायचा की मी संहितेतलं ते वाक्य पुन्हा शोधायला लागायचो. आणि मग शांतपणे म्हणायचा, “दार उघड. शहर माझं आहे. राखायचं की विकायचं, ते मी ठरवीन.” नाट्यगृहात आधी शांतता व्हायची आणि मग कुठून तरी, बहुतेक वरच्या मजल्यावरून, लोक तोंडाने फुत्कार टाकायला लागायचे. एकदा एका बाईने खाली चप्पल भिरकावली. ती त्याच्या अंगाला न लागता पायाशी पडली, तर ती हातात घेऊन हा विंगेत आला आणि म्हणाला, “दाजी, बघा, पावती मिळाली.” आम्ही सगळे हसलो होतो. मीही.

या सगळ्या खेळांना ही पहिल्या रांगेत यायची. प्रसूतिगृहातली ड्यूटी आटोपून, कधी कधी तोच पांढरा गणवेश अंगावर ठेवून. शेजारच्या खुर्चीवर स्वतःची पर्स ठेवायची. कुणी विचारलं, इथे कुणी बसलंय का, तर म्हणायची, “आमचे हे येतायत.” मी कधीच आलो नाही, मी विंगेत असायचो. तरी तिने ती खुर्ची कुणाला दिली नाही. मी एकदा म्हटलं, अगं, कशाला अडवून ठेवतेस? तर म्हणाली, “तुम्हाला काय त्रास होतोय? पर्स बसते की.”

ती पुढे त्या प्रसूतिगृहाची मेट्रन झाली. नदीच्या या बाजूला तेवढं एकच. हिरो पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तो कुठल्याही पक्षाकडून नव्हे, एकटा, आणि त्या वेळी पालिकेने प्रसूतिगृह बंद करायचा घाट घातला होता. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हिने त्याला सगळं सांगितलं: बायका किती लांबून चालत येतात, एकीला तर आमच्या दारातच, पायरीवरच मोकळी केली, आणि तेव्हा झालेली पोरगी आता शिंप्याच्या दुकानात हिशेब बघते. हिरोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच संध्याकाळी ‘या दारातून’ लिहिलं. पहिल्या सभेत तो ते बोलला तेव्हा लोक उभे राहिले. मला विंगेत हुंदका आला आणि पुढचा शब्द चुकू नये म्हणून मी तो गिळला. सभा संपल्यावर त्याने मला बाजूला घेतलं, त्याचे गाल अजून ओले होते. विचारलं, “दाजी, रडणं बरोबर जागी आलं ना?” मी म्हटलं, अगदी बरोबर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नटाने विचारावा तसाच प्रश्न होता. आज मात्र तो प्रश्न पुन्हा पुन्हा कानाशी येतो आहे.

प्रसूतिगृह वाचलं. हिरो निवडून आला. मग तो सत्तेतल्या पक्षात गेला, कारण बाहेर राहून कामं होत नाहीत म्हणाला. सत्ता पालटली तेव्हा पलीकडच्या पक्षात गेला, कारण कामं अर्धवट राहिली होती. भाषणं आता पक्षाच्या कचेरीतून छापून येतात, माझ्या हाताला फक्त पाठांतर उरलं आहे. त्याने मध्ये कानात घालायचं यंत्र लावून पाहिलं. दोन सभांनंतर काढून टाकलं. “दाजी, यंत्राला माझा श्वास कळत नाही,” असं तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि मी लाजेने जमिनीकडे पाहत राहिलो. पण छाती फुगली होती. खोटं कशाला बोलू? शहरातली एवढी माणसं ज्याच्या शब्दाला डोलतात त्याचा प्रत्येक परिच्छेद माझ्या ओठांतून सुटतो, हा विचार मी पुस्तकांच्या कपाटांमधून फिरताना कितीदा तरी जिभेवर घोळवला आहे. आता त्याला महापौर व्हायचं आहे. पक्षाच्या अध्यक्षांची अट एकच: प्रसूतिगृह बंद होणार हे त्याने जाहीर सभेत, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याची बहीण तिथली मेट्रन होती, म्हणून त्यानेच सांगितलं की कुणी ओरडणार नाही, असा त्यांचा हिशेब. सभा आज संध्याकाळी होती. त्याच जुन्या नाट्यगृहात.

सकाळी चहा घेताना मी हिला कालची चूक सांगितली. तिने कप खाली ठेवला.

“आणि तो तसाच बोलत सुटला?”

“एक अक्षर चुकला नाही.”

“मग झालं तर. आज पण तेच पुरवा.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“अहो, असे बघताय काय? एवढ्या लोकांसमोर, अध्यक्षांसमोर तो म्हणेल, दार बंद करणाऱ्याचा हात मी धरीन. वर्तमानपत्रवाले असतील. मग कुठल्या तोंडाने बंद करतील?”

“त्याला कळणारच नाही आपण काय बोललो ते.”

“त्याला न कळून चाललंय की इतकी वर्षं. आज आपल्या बाजूने न कळू दे.”

मला हसू आलं आणि मग आलं नाही. दुपारी तो स्वतःच जेवायला आला. त्याच्याबरोबरची माणसं खाली गाडीत बसली होती. हिने दार उघडलं. “ये हिरो. आज कुठला पक्ष?”

“ताई, तू पण ना.”

“नाही, ताट वाढायच्या आधी विचारून घेतलेलं बरं.”

तो हसला. हसताना तो अजून नाटकातल्यासारखाच देखणा दिसतो. हात धुऊन बसला, जेवला, हिच्या हातची चव कुठेच नाही म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं असणार. अशा गोष्टी तो मनापासूनच म्हणतो. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, “ताई, ऐक. एकदा मला खुर्चीवर बसू दे. याच्या दुप्पट मोठं इस्पितळ बांधतो. तुझं नाव देतो त्याला.”

“तोवर बायकांनी काय करायचं? पोटातल्याला सांगायचं का, जरा थांब, मामा खुर्चीवर बसतायत?”

“राजकारणात एक पाऊल मागे घ्यावं लागतं.”

“तुझं पाऊल कधी मागे गेलेलं मी पाहिलं नाही. दुसऱ्यांचीच जातात.”

 मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल, त्याचं स्वतःचं. मी त्याचा श्वास ऐकत होतो, सवयीने. श्वास वर गेला, थांबला, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात, आपल्याच बहिणीला उत्तर द्यायला, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताटं उचलायला उठलो. जाताना दारात तो म्हणाला, “दाजी, तुम्ही आहात ना संध्याकाळी?” मी मान हलवली.

मग दुपारभर मी पुस्तक उघडून बसलो आणि एकच पान वाचत राहिलो. हिचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन शब्द, आणि नदीकाठचं दार उघडं राहिलं असतं, निदान काही महिने. माझ्या जिभेवर ते शब्द येऊन बसलेही होते. पण त्या शब्दांच्या मागोमाग जे आलं त्याने मी घाबरलो. मला मजा वाटत होती. एका माणसाच्या तोंडात आपले शब्द घालावेत आणि शहराने त्याप्रमाणे चालावं, आपण पडद्यामागे सुरक्षित. याची गोडी मला लागली होती. आज ‘या दारातून’, उद्या आणखी काही, मला जे योग्य वाटेल ते. आणि मी कोण? एका खोलीत तीन माणसं असली की ज्याचे हात थंड पडतात असा म्हातारा. अध्यक्षांनाही त्यांचं योग्यच वाटत असणार. ज्या माणसाच्या आत स्वतःचं म्हणून काही उरलेलं नाही, त्याच्या आत जो पहिला शिरेल तो बोलणार. आज मी शिरलो म्हणून ते घर माझं होत नाही, ते सताड उघडंच राहतं, आणि मग रात्री कोण आत येईल ते कुणी सांगावं. की हे सगळे पुस्तकी विचार? बाई पायरीवर कळा सोसत असताना मी तत्त्वं उगाळत बसलो आहे का? मला ठरवता येईना. ही आतून साडी बदलून आली, पर्स घेतली, आणि म्हणाली, “चला. काय पुरवायचं ते तुम्ही बघा. मी सांगितलं तेवढं सांगितलं.” जिन्यात ती माझ्या पुढे होती. तिचे गुडघे दुखतात, तरी ती ताठ उतरत होती, प्रसूतिगृहाच्या पायऱ्या उतरायची तशी.

नाट्यगृह खच्चून भरलं होतं. विंगेमागून प्रेक्षागृहात उतरायचा जिना कार्यकर्त्यांनी फलक आणि खुर्च्या रचून अडवून टाकला होता. माझं स्टूल मात्र जिथल्या तिथे ठेवलं होतं. मी बसलो. लाकडाचा आणि धुळीचा तोच वास. फटीतून पहिली रांग दिसत होती: अध्यक्ष, त्यांच्यापासून थोड्या अंतरावर ही, आणि तिच्या शेजारी खुर्चीवर पर्स. वरच्या मजल्यावर प्रसूतिगृहातल्या परिचारिका ओळीने बसल्या होत्या. बातमी फुटली असावी. हिरो उठला, माइकपाशी आला, आणि सुरुवात छान झाली. मी शब्द पुरवत होतो, तो उचलत होता. रस्ते, दिवे, पाणी. आमच्या दोघांमध्ये एका धाग्याचंही अंतर नव्हतं. आणि मला त्या क्षणीही, सगळं कळत असताना, त्याचा अभिमान वाटला. कसा उभा राहतो, कसा आवाज सोडतो. मग रस्त्यांचा परिच्छेद संपत आला. शेवटचं वाक्य. त्याचा श्वास खाली उतरायला लागला. ‘नदीकाठची जागा’ माझ्या ओठांवर होतं. ‘या दारातून’ही होतं. दोन्ही सारखीच हलकी. मी तोंड मिटलं.

श्वास संपला. तो थांबला. लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलाय. त्याने माझ्याकडे तिरकं पाहिलं. मी पाहत राहिलो. त्याने पुन्हा पाहिलं, या वेळी सरळ वळून, आणि त्याच्या डोळ्यांत ती अडल्याची भीती होती जी मी कधीच कुणाच्या डोळ्यांत येऊ दिली नव्हती, आयुष्यभर विंगेत त्यासाठीच तर उभा होतो. माझा हात आपोआप वर गेला. मी माझ्या डाव्या कानाच्या पाळीला हात लावला. विसरलो नाही. मुद्दाम गप्प आहे. त्याला ते समजलं. त्याचा चेहरा एकदम लहान झाला, हिने त्याला कडेवर घेतलं होतं तेव्हाच्या फोटोतल्यासारखा, आणि मला वाटलं, आता. आता काहीही बोल, तोतरं बोल, चुकीचं बोल, पण तुझं बोल. इतकं मी कुणासाठी कधी मागितलं नसेल.

वरच्या मजल्यावरून एका परिचारिकेने ओरडून विचारलं, “साहेब, आमच्या दाराचं काय?”

तो तिकडे वळला. खांदे मागे गेले. मान वर झाली. हे सगळं मी ओळखलं आणि ओळखेपर्यंत ते घडून गेलं होतं. शांतपणे, त्या सुंदर आवाजात, तो म्हणाला, “दार उघड किंवा बंद कर. शहर माझं आहे. राखायचं की विकायचं, ते मी ठरवीन.”

पुढच्या दोन रांगांतल्या कार्यकर्त्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या टाळ्या एकेक करून थांबल्या. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. हिरो स्वतःच दचकला होता, जणू मागून कुणीतरी ते बोललं, आणि तो पुन्हा विंगेकडे पाहू लागला. आणि तेव्हा वरच्या मजल्यावरून तो फुत्कार सुरू झाला. आधी एकटा, मग ओळीने, मग खालच्या मागच्या रांगांतून. शब्द नसलेला, नुसती हवा, पण त्याने नाट्यगृह भरून गेलं. वर्तमानपत्रवाले लिहीत होते. अध्यक्ष उठून कुणाच्या तरी कानाशी लागले आणि हिरोकडे न पाहता बाजूच्या दाराने निघून गेले. कुणी म्हणेल, मी त्याला पाडलं. मी मला हे विचारलं, आताही विचारतो आहे. पण मी त्याच्या हातून काही काढून घेतलं नव्हतं. फक्त माझं जे होतं ते माझ्यापाशी ठेवलं, आणि मग शहराला ते ऐकू आलं जे त्याच्यापाशी होतं.

मी स्टुलावरून उठलो. मागचा जिना बंद होता. हिच्यापर्यंत जायचा एकच रस्ता होता, समोरचा. मी आजवर उजेडात तो रंगमंच कधी ओलांडला नव्हता. पडदा पडल्यावर, दिवे मालवल्यावर, झाडू मारणाऱ्यांबरोबर ओलांडला असेन. माझे हात थंड होते, पण पाय चालले. हिरोपाशी पोचलो तेव्हा क्षणभर थांबलो. त्याच्या खांद्यावर थोपटलं. खेळ संपला की करायचं ते. तो म्हणाला, “दाजी, पुढचं?” मी म्हणालो, “पुढचं मला माहीत नाही, हिरो.” आणि माझा आवाज माइकमधून सगळ्या नाट्यगृहात गेला. पहिल्यांदाच. तो फारसा वाईट नव्हता. मी पुढच्या पायऱ्या सावकाश उतरलो, कठड्याला न धरता, आणि लोक वाट देत गेले. ही समोर बघत ताठ बसली होती. मी जवळ आलो तेव्हा तिने माझ्याकडे न पाहता खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

“बसा,” ती म्हणाली. “केव्हाची धरून ठेवलीय.”